ऐकणाऱ्याच्या हातातला ठेका

नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने एक घोषणा केली. पिकासो आणि व्हॅन गॉग यांची चित्रे जपणाऱ्या या संग्रहालयाने १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले होते. त्यातली ‘पॅकमॅन’ आणि ‘टेट्रिस’ ही नावे जगाला ठाऊक होती. पण त्याच यादीत ‘विब-रिबन’ हे नाव होते. अमेरिकेत हा गेम तोवर कधी दुकानात आलाच नव्हता.

काही दिवसांतच लंडनच्या ‘द गार्डियन’मध्ये कलासमीक्षक जोनाथन जोन्स यांनी या निर्णयावर टीका केली. त्यांचा मुद्दा असा, की खेळ हा खेळणारा आणि यंत्र यांच्यात घडतो. त्यावर कुणा एकाची मालकी नसते. मालक नाही म्हणून कलावंत नाही आणि कलावंत नाही म्हणून कला नाही. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण ‘विब-रिबन’चा इतिहास पाहिला तर लक्षात येते, की जोन्स ज्याला उणीव म्हणतात, तीच या खेळाची खरी मोहिनी आहे.

संगीतकाराने केलेला खेळ

या खेळाचे जनक मासाया मात्सुउरा मुळात संगीतकार. १९८० च्या दशकात जपानमध्ये ‘साइझ’ या पॉप बँडमुळे त्यांचे नाव झाले होते. पुढे ते व्हिडिओ गेमकडे वळले. डिसेंबर १९९६ मध्ये सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर त्यांचा ‘पॅराप्पा द रॅपर’ आला. त्यातली कागदासारखी चपटी पात्रे अमेरिकन चित्रकार रॉडनी ग्रीनब्लॅट यांनी काढली होती. खेळ साधा होता. गुरू रॅपची एक ओळ म्हणतो आणि शिष्याने ती योग्य बटणे दाबून ठेक्यात परत म्हणायची. तबल्याचे बोल शिकलेल्या माणसाला ही पद्धत नवी वाटणार नाही. आधी तोंडून ऐकायचे, मग हातातून काढायचे. गंमत अशी, की सर्वांत वरची श्रेणी गुरूची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला मिळत नाही. ठेका सांभाळून स्वतःचे काही भर घालणाऱ्याला ती मिळते.

ठेक्यावर चालणाऱ्या खेळांची लाट इथून उसळली. १९९७ मध्ये कोनामीचा ‘बीटमेनिया’ आला, १९९८ मध्ये पायांनी खेळायचा ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. गाणी कंपनी निवडायची. खेळणाऱ्याने दिलेल्या गाण्यावर बटणे दाबायची किंवा नाचायचे.

तुमची सीडी, तुमचा रस्ता

९ डिसेंबर १९९९ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विब-रिबन’ने हा रिवाज मोडला. पडदा काळा, त्यावर एक थरथरणारी पांढरी रेघ आणि रेघेवरून चालणारी विब्री नावाची सशीण. तीही चार-दोन रेघांचीच. वाटेत चार प्रकारचे अडथळे येतात : ठोकळा, खड्डा, नागमोडी लाट आणि गोल फास. प्रत्येकासाठी एक बटण. पुढे दोन अडथळे एकमेकांत मिसळून येतात, तेव्हा दोन बटणे एकदम दाबावी लागतात. चुका साचत गेल्या की विब्रीची बेडूक होते, मग किडा. नीट चालत राहिले की तिची परी होते.

खेळात स्वतःची गाणी होती, पण मोजकीच. खरी जादू पुढे होती. खेळ सुरू झाला की त्याची तबकडी बाहेर काढायची आणि घरातली कुठलीही गाण्याची सीडी आत घालायची. यंत्र ते गाणे वाचून त्यातून रस्ता तयार करायचे. संथ गाण्याचा रस्ता बराचसा सरळ. ढोल-ताशांसारखे धडाडणारे संगीत लावले की अडथळ्यांची रांगच.

यामागचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी २ मेगाबाइट. बहुतेक गेमना चित्रे आणि आवाज यांसाठी तबकडीकडे सतत धाव घ्यावी लागे. विब्रीचे जग नुसत्या रेघांचे असल्याने अख्खा खेळ त्या छोट्या मेमरीत मावला आणि तबकडीची जागा रिकामी झाली. म्हणजे चित्रांची ती गरिबी आळसातून आली नव्हती. तुमच्या गाण्याला जागा करून देण्यासाठी ती पत्करलेली होती. आणि हे कधी, तर सोनीचे नवे, कितीतरी ताकदवान प्लेस्टेशन २ अवघ्या तीन महिन्यांवर आले असताना.

गाण्याच्या सीडीचा वापर खेळात करण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. टेक्मो कंपनीच्या १९९७ च्या एका गेममध्ये सीडी घातली की तिच्यातून राक्षस जन्माला यायचा. पण तिथे गाणे ऐकले जात नव्हते. विब्रीच्या जगात ते ऐकायलाच लागे.

आता यातली आपल्याकडची बाजू पाहू. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरवलेले सीडीचे मानक जगभर एकच होते. त्यामुळे या सशिणीसाठी टोकियोच्या दुकानातली पॉपची सीडी आणि मुंबईच्या दुकानातली कव्वालीची किंवा भावगीतांची सीडी यांत काही फरक नव्हता. भाषा कोणती, गाणारा कोण, श्रोता कुठला, हे यंत्र विचारत नव्हते. अडथळे दरवेळी अचूक ठेक्यावर पडत असेही नाही. मुक्त आलापी असली की यंत्र गोंधळायचे. पण वर्षानुवर्षे ऐकलेल्या गाण्यात एक अनोळखी खड्डा सापडला, की ते गाणे पुन्हा कान देऊन ऐकावे लागायचे.

श्रोत्याचा वाटा

कव्वालीच्या मैफलीत बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. एखाद्या मिसऱ्यावर श्रोत्याला हाल आला, तो हेलावून गेला, की कव्वाल पुढे सरकत नाही. तोच मिसरा पुन्हा पुन्हा घेतो. मैफल किती लांबणार, कुठे थांबणार, हे श्रोताही ठरवतो. म्हणून तिथे कलावंत नाही, असे कोण म्हणेल? रेकॉर्ड आली आणि गाणे आधीच पूर्ण होऊन घरात येऊ लागले. श्रोत्याच्या हाती फक्त चालू-बंद करण्याची कळ उरली. ‘विब-रिबन’ने मैफल परत आणली नाही, तसा दावाही करता येणार नाही. पण ऐकणाऱ्याचा हरवलेला वाटा त्याने थोडासा का होईना परत केला.

पुढचा इतिहास मात्र उलट्या दिशेने गेला. २००५ मध्ये ‘गिटार हिरो’ आला आणि प्लॅस्टिकची गिटार घरोघरी पोहोचली. त्यात गाणी परवाने घेऊन भरलेली होती. २०१५ च्या ‘गिटार हिरो लाइव्ह’मध्ये शेकडो गाणी कंपनीच्या सर्व्हरवरूनच यायची. १ डिसेंबर २०१८ रोजी ती सेवा बंद झाली आणि पैसे मोजून घेतलेल्या खेळात तबकडीवरची ४२ गाणीच उरली.

‘विब-रिबन’ अमेरिकेत पोहोचला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये, डाउनलोडच्या रूपात. त्याच वर्षी सोनीचे अधिकारी शॉन लेडन यांनी एका मोठ्या प्रदर्शनात जुन्या गेमच्या आठवणी काढताना त्याचे नाव घेतले होते आणि चाहत्यांनी ते उचलून धरले होते. तो प्लेस्टेशन व्हिटा या हातातल्या यंत्रावरही आला. पण व्हिटाला सीडी घालायला जागाच नाही. खेळ आला, पण त्याचा आत्मा दाराबाहेर राहिला.

आज आपल्यापैकी बहुतेकांचे संगीत मोबाइलमध्ये आहे, म्हणजे खरे तर कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर. घरातल्या सीडी माळ्यावर गेल्या किंवा भंगारात. पण जुने प्लेस्टेशन आणि ही तबकडी ज्याच्याकडे अजून चालू आहे, त्याचा खेळ कुठलीही कंपनी बंद करू शकत नाही. माळ्यावरची एक सीडी काढायची, पुसायची आणि आत घालायची. पुढचा रस्ता ते गाणे आखील, त्यावरून चालायचे आपण.