भूक आवरणाऱ्या इंजेक्शनचं कूळ

१६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग एका बेशुद्ध केलेल्या कुत्र्यावर प्रयोग करत होते. दोघे नात्याने मेहुणे. स्टार्लिंगची बहीण बेलिसच्या घरी दिलेली. प्रश्न पचनाचा होता. जठरातलं आंबट अन्न लहान आतड्यात उतरलं की स्वादुपिंड लगेच रस सोडतं, पण अन्न आल्याची वर्दी त्याला देतं कोण? रशियात पावलॉवचं उत्तर ठरलेलं होतं: मज्जातंतू. या दोघांनी आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधला, त्याचे मज्जातंतू तोडले आणि आत आम्ल सोडलं. रस तरीही सुटला. स्टार्लिंगने मग आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून खललं, गाळलं आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. स्वादुपिंड पुन्हा पाझरू लागलं. निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि अशा सगळ्या निरोप्यांसाठी हार्मोन हे नाव स्टार्लिंगने १९०५ साली एका व्याख्यानात वापरलं.

वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांचा आज एवढा बोलबाला आहे, त्यांचं कूळ या खरवडलेल्या अस्तरापर्यंत जातं. गंमत अशी, की या कुळातलं जवळपास कोणीच भुकेच्या शोधात निघालेलं नव्हतं.

त्याला एक अपवाद आहे. कोलेसिस्टोकायनिन हे आतड्यातलं हार्मोन पित्ताशय आकुंचित करतं, हे १९२८ पासून ठाऊक होतं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी ते उंदरांना टोचलं, तर उंदीर कमी खाऊ लागले. जेवणातली चरबी आणि प्रथिनं आतड्याच्या सुरुवातीलाच हे हार्मोन सोडायला लावतात. ते जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि ‘पुरे’ हा निरोप मेंदूला देतं. हा निरोप मुख्यतः व्हेगस मज्जातंतूवरून जातो, म्हणजे पावलॉवही अगदीच खोटा ठरला नाही. पण औषध म्हणून डाळ शिजली नाही. दर जेवणाला हे हार्मोन टोचलेल्या उंदरांनी जेवणं लहान केली आणि त्यांची संख्या वाढवली. भूक अशी एका दाराने अडवली की दुसऱ्याने येते.

खरी वाट मधुमेहातून निघाली. साखर शिरेतून देण्याऐवजी तोंडाने दिली तर इन्सुलिन जास्त सुटतं, हे १९६४ मध्ये दिसलं. मधे आतडं काहीतरी करत होतं. ते काय, याचा धागा बॉस्टनमध्ये एका कुरूप समुद्री माशात, अँगलरफिशमध्ये सापडला. जोएल हॅबनरच्या प्रयोगशाळेने १९८२ च्या सुमारास त्याच्या ग्लुकागॉन या हार्मोनच्या जनुकात ग्लुकागॉनसारखाच आणखी एक तुकडा वाचला. माणसातल्या अशा तुकड्यांपैकी एकाचं नाव जीएलपी-१; आतड्यातून इन्सुलिनला चालना देणारं एक द्रव्य ते हेच. त्याचा नेमका कोणता भाग काम करतो हे उलगडण्यात स्वेतलाना मोयसोव्ह यांचा मोठा वाटा होता. पेटंटवर आपलं नाव यावं म्हणून त्यांना झगडावं लागलं, आणि २०२४ मध्ये लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्या होत्या. ही दिरंगाई मला या सगळ्या कथेतला सर्वांत लाजिरवाणा भाग वाटतो.

औषध म्हणून अडचण एकच होती: रक्तात जीएलपी-१ दोनेक मिनिटांतच निकामी होतं. इथे एक सरडा मदतीला आला. न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात जीएलपी-१ सारखंच, पण बराच काळ टिकणारं द्रव्य मिळालं. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं.

तोवर भूक चोरपावलांनी गोष्टीत शिरली होती. १९९६ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या गटाने जीएलपी-१ उंदरांच्या मेंदूत सोडलं, तर त्यांचं खाणं घटलं. दोन वर्षांनी डेन्मार्कमध्ये वीस निरोगी तरुणांना ते शिरेतून दिलं, तेव्हा दुपारच्या जेवणात त्यांनी सुमारे १२ टक्के कमी खाल्लं. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना जठरात उलट कामाचं घ्रेलिन सापडलं. जेवणाआधी रक्तात चढणारं आणि भूक जागवणारं हे हार्मोन त्यांना मिळालं ते वाढीच्या हार्मोनला चालना देणारं द्रव्य शोधताना!

पुढचं काम रसायनाचं होतं. डेन्मार्कमध्ये लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्या गटाने जीएलपी-१ ला मेदाम्लाचं शेपूट जोडलं, म्हणजे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून टिकून राहील. पहिलं औषध रोज टोचावं लागे. नंतरचं सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा पुरे. ६८ आठवड्यांच्या चाचणीत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. मळमळही अनेकांना झाली.

मार्च २०२५ मध्ये भारतात आलेलं टिर्झेपटाइड दोन हार्मोनांचं काम एकट्याने करतं. एक जीएलपी-१, दुसरं जीआयपी. हे दुसरं व्हँकुव्हरच्या जॉन ब्राउन यांनी १९७० च्या सुमारास डुकराच्या आतड्यातून वेगळं केलं होतं. ते शोधत होते जठरातलं आम्ल कमी करणारं द्रव्य.