त्वचेवरील पट्टे काय सांगतात?

चांदूर रेल्वेच्या बाजारात संत्री निवडताना क्वचित एखादे असे फळ हाती येते, की त्याच्या सालीवर देठापासून तळापर्यंत वेगळ्याच रंगाचा पट्टा असतो. असे पट्टे माणसाच्या त्वचेवरही आढळतात. बाळाच्या अंगावर तसा पट्टा दिसला, की लोक आईला बोल लावतात : ग्रहणात तिने काही चिरले असेल! वर्गात हा प्रश्न निघतो, तेव्हा आपण काय सांगावे?

१९०१ साली ब्रेस्लाऊ येथील अधिवेशनात बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी एक नकाशा मांडला. १४० हून अधिक रुग्णांच्या अंगावरील पट्टे एकत्र करून तो काढला होता. पाठीच्या कण्यापाशी रेषा इंग्रजी 'व्ही'सारख्या, तर पोटाच्या बाजूला 'एस'सारख्या होत्या. रक्तवाहिन्या किंवा मज्जातंतू यांच्या मार्गांशी त्या जुळत नव्हत्या. त्यांचे मूळ गर्भावस्थेत असावे, असे ब्लाश्को यांना वाटले. पण तेव्हा 'जीन' हा शब्दही जन्मला नव्हता.

१९७० च्या दशकात जर्मनीच्या रुडोल्फ हॅपल यांनी या कोड्याची उकल केली. गर्भातील त्वचेच्या पेशी विभागत, पसरत ज्या वाटांनी जातात, त्याच या रेषा. गर्भाच्या एखाद्या पेशीत जनुकाची नक्कल करताना चूक झाली, तर तिच्या सर्व वंशज पेशींत ती उतरते. बाकीच्या पेशी निर्दोष राहतात. शाळेच्या मोझॅक फरशीत जसे निरनिराळ्या रंगांचे खडे, तसे या शरीरात दोन प्रकारच्या पेशी. म्हणून याला जनुकीय मोझॅक म्हणतात.

याचे महत्त्व कर्करोगात कळते. १९६० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट गॉर्लिन व रॉबर्ट गोल्ट्झ यांनी एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले : त्वचेवर अनेक कर्कगाठी, जबड्यात पोकळ गाठी आणि दुभंगलेल्या फासळ्या. सावळ्या त्वचेत कर्कगाठी कमी होतात. तेथे जबड्यातील गाठीच आधी लक्षात येऊ शकतात. १९९६ मध्ये नवव्या गुणसूत्रावरील 'पीटीसीएच' हे जनुक यास कारण असल्याचे आढळले. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असेल, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते.

पण काही रुग्णांत गाठी शरीराच्या एकाच भागात असतात. आईवडील निरोगी, रक्ततपासणीही निर्दोष! मात्र दोन वेगवेगळ्या गाठी तपासल्या, तर दोन्हींत नेमका तोच बिघाड सापडतो. असा बिघाड बीजपेशींतही असला, तर अपत्याच्या प्रत्येक पेशीत तो जाऊ शकतो. पालकाच्या अंगावर एक पट्टा, अपत्याला मात्र संपूर्ण विकार! म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावर निश्चिंत राहता येत नाही.

त्वचेवरील प्रत्येक पट्टा कर्करोगाचा नसतो; बहुतेक निरुपद्रवीच असतात, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. आणि हेही सांगावे, की ही चूक गर्भाच्या पेशी विभागताना आपोआप घडते. तिच्याशी ग्रहणाचा संबंध नाही, विळीचा नाही आणि आईच्या वागण्याचा तर मुळीच नाही.