पक्ष्याच्या पायातला वाळा

गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी पहाटे लेकीला घेऊन इथल्या पक्षी-नोंदणीच्या केंद्रावर गेलो होतो. दोन खांबांमध्ये ताणलेल्या जाळ्यात एक चिमुकला पक्षी लटकला होता. लेक म्हणाली, "बाबा, ह्याला त्रास का देतायत हे लोक?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच आज सांगतो.

डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावात मॉर्टेन्सन नावाचे शिक्षक होते. 1890 मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या पायात जस्ताची कडी घालून पाहिली. ती जड झाली. मग 1899 मध्ये हलक्या ॲल्युमिनियमची कडी करून त्यांवर क्रमांक आणि पत्ता कोरला आणि 165 साळुंकी-कुळातल्या स्टारलिंगांना ती घातली. आपण बाळाच्या पायात वाळा घालतो ना, तसाच हा वाळा. फरक एवढाच, की ह्यावर ओळख लिहिलेली.

पण आधी पक्षी हाती तर लागायला हवा! इथे शास्त्रज्ञांना शिकाऱ्यांकडूनच शिकावं लागलं. जपानमध्ये रेशमाची इतकी बारीक जाळी विणत, की पक्ष्याला ती दिसतच नसे. तिचं नाव कासुमी-आमी, म्हणजे धुक्याचं जाळं. पक्षी त्यात धरले जात ते खाण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे काम करणाऱ्या ऑलिव्हर ऑस्टिन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञांनी 1947 मध्ये त्यावर अहवाल लिहिला आणि पुढे तेच जाळं जगभरच्या संशोधकांचं मुख्य साधन झालं.

भारतात ह्या कामाची सुरुवात 1920 च्या दशकात झाली, आणि त्यात धारच्या महाराजांचा, म्हणजे मराठी पवार घराण्याचा, पुढाकार होता. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्ष्यांना कडी घातली. पक्षी पकडायला मदत कोणाची? बिहारच्या मीरशिकारांची. आपल्याकडच्या फासेपारध्यांसारखाच पिढीजात पक्षी धरणारा हा समाज. त्यांच्यातले अली हुसेन तर संस्थेच्या कामात मोठं नाव झाले. जी हातोटी पूर्वी पक्षी बाजारात विकायला वापरली जायची, तीच आता त्याला जिवंत सोडायला उपयोगी पडली.

आता लेकीच्या प्रश्नाकडे वळू. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. म्हणून छाती दाबली की तो गुदमरतो. जाणकार त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये अलगद धरतात, मूठ आवळत नाहीत. जाळं थोड्या थोड्या वेळाने तपासतात. पाऊस, जोराचा वारा किंवा कडक ऊन असेल तर जाळं लावतच नाहीत. सुटका करताना पक्षी ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने. मग सुती पिशवी, वजन, पंखाचं माप, पायात वाळा, आणि भुर्र! इथे अमेरिकेत हे सगळं परवान्याशिवाय कोणालाही करता येत नाही.

एवढी काळजी कशासाठी? 1956 मध्ये मिडवे बेटावर चॅन्डलर रॉबिन्स यांनी एका लेसन अल्बॅट्रॉस मादीच्या पायात कडं घातलं. 2002 मध्ये त्याच बेटावर त्यांनी एक पक्षी पकडला. कड्यांच्या जुन्या नोंदी मागे मागे तपासत गेल्यावर कळलं, की ही तीच मादी! तिचं नाव आता विज्डम. 2024 मध्ये सत्तरी उलटलेल्या विज्डमने पुन्हा अंडं घातलं. मी रोज डेटाबेसमध्ये क्रमांक जुळवतो, पण 46 वर्षांनी असा क्रमांक जुळलेला मी कधी पाहिला नाही.

त्या दिवशी 1956 मध्ये एक मूठ जरा जास्त आवळली असती, तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पकडणाऱ्याचा हात चांगला हवा." मंडळी, यापेक्षा नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.