टुटीफ्रुटी: केकमधली आणि कार्तिएची

बेकरीतल्या केकमध्ये लाल-हिरवे तुकडे दिसतात, ती टुटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई. नाव मात्र इटालियन: 'तुत्ती फ्रुत्ती', म्हणजे सगळी फळं. एकट्या पपईला सगळ्या फळांचं नाव देण्याचा चतुरपणा आपला!

पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या एका शैलीचंही हेच नाव. लुई-फ्रांस्वा कार्तिए यांनी 1847मध्ये आपल्या उस्तादाचा कारखाना ताब्यात घेतला. त्यांचा नातू झाक 1911मध्ये दिल्ली दरबाराच्या सुमारास भारतात आला. संस्थानिकांना माल विकायचा होता आणि इथले खडेही घ्यायचे होते. हे खडे पैलू पाडलेले नव्हेत, कोरलेले. पाचूचं पान, त्यावर बारीक शिरासुद्धा. माणकांची फळं, नीलमाच्या कळ्या. पॅरिसच्या कारागिरांनी ते प्लॅटिनम आणि हिऱ्यांच्या संगतीत बसवले, की झाली रंगांची बाग.

गंमत म्हणजे तेव्हा या दागिन्यांना टुटीफ्रुटी कोणी म्हणत नसे. डेझी फेलोज या धनाढ्य बाईंनी 1936मध्ये घडवून घेतलेला हार 'कोलिए इंदू', म्हणजे 'हिंदू हार' म्हणून ओळखला जातो. इथे हिंदू म्हणजे हिंदुस्थानी, धर्माचा संबंध नाही. फळांचं नाव रुळलं थेट 1970च्या दशकात. ते चटपटीत खरं, पण मला जुनंच आवडतं. खडे कोरणारे हात कुठले, याचा पत्ता निदान त्यात लागत होता.