छापखाना स्वतःचा की दुसऱ्याचा? घरच्या सर्व्हरचा जुना प्रश्न

१/९ सोलापुरातील जुन्या गिरणीची छायाचित्रे व निवृत्त कामगारांच्या मुलाखती आम्ही चार मित्रांनी एका फुकट सेवेवर ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी ती सेवा बंद झाली. पूर्वसूचनेचा ईमेल आला होता. तो कोणी उघडलाच नाही. निम्म्या मुलाखतींची दुसरी प्रत नाही. तेव्हापासून वाद सुरू आहे: संकेतस्थळ आणि ईमेल घरच्याच संगणकावर ठेवावेत का?

२/९ हा प्रश्न मराठी लेखनाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात त्याचे रूप वेगळे होते, इतकेच: छापखाना स्वतःचा असावा की दुसऱ्याचा?

३/९ स्वावलंबनाचे पहिले मोठे उदाहरण गणपत कृष्णाजींचे. मुंबईत अमेरिकन मिशनचे शिळामुद्रण पाहून त्यांनी स्वतः यंत्र उभारले, शाई सिद्ध केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते या समजुतीने छापील कागदाला न शिवणारे लोक ज्या समाजात होते, त्यातच हे घडले.

४/९ मात्र यंत्रासोबत उत्तरदायित्वही आले. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे बंधनकारक केले. १९१० च्या कायद्याने नव्या छापखानदाराकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागण्याची तरतूद केली. घरी सर्व्हर ठेवणाऱ्याचा आयपी पत्ताही सहसा असाच उघड असतो.

५/९ आता ‘केसरी’ पाहा. १८८१ मध्ये तो आर्यभूषण छापखान्यातून निघू लागला. पुढे सहकाऱ्यांची फाटाफूट झाली. पत्रे टिळकांकडे आली, छापखाना इतरांकडे गेला. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांसोबत मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. बाळ सुटले, टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

६/९ यातून दोन गोष्टी दिसतात. दुसऱ्याच्या यंत्रावर छापले की त्यालाही धोका पत्करावा लागतो, म्हणून तो केव्हाही कचरू शकतो. दुसरी अधिक महत्त्वाची: छापखाना हातचा गेला तरी ‘केसरी’ हे नाव टिळकांकडे राहिले आणि वाचक नावामागे गेला. आजच्या भाषेत ते नाव म्हणजे डोमेन.

७/९ स्वतःचे यंत्र म्हणजे अभेद्य कवच, असेही नाही. १२ मे १९३० पासून सोलापुरात मार्शल लॉ होता. त्या काळात ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगात टाकण्यात आले. माणूसच उचलला की यंत्र मुके होते.

८/९ ईमेलचे काय? १९८२ मध्ये ठरलेल्या एसएमटीपी नियमांनुसार कोणताही संगणक दुसऱ्याला थेट पत्र पाठवू शकतो. पत्र स्वीकारणे आजही सोपे आहे: घरची वीज गेली तरी पाठवणारा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. अडचण पाठवण्यात आहे. स्पॅममुळे अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर पोर्ट २५ बंद ठेवतात, स्थिर आयपी पत्ता देत नाहीत. मोठ्या ईमेल सेवा घरगुती पत्त्यांवर विश्वास ठेवत नाहीत. पत्र नाकारले जाते किंवा स्पॅममध्ये पडते, आणि स्पॅममध्ये पडले तर पाठवणाऱ्याला कळतही नाही. छापखाना घरचा असला तरी टपाल घरचे नसते.

९/९ म्हणून आमचा निर्णय असा: डोमेन आमच्या नावावर. संकेतस्थळ घरच्या जुन्या संगणकावर. वीज गेली तर ते तासभर बंद राहील, हे मान्य. ईमेल आमच्याच डोमेनवर, पण पैसे भरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर. साऱ्या मुलाखतींच्या प्रती आणखी दोन घरांत. एका मित्राचा आक्षेप कायम आहे: परीक्षेच्या दिवसांत संगणकाकडे पाहणार कोण? त्याचे उत्तर अद्याप ठरलेले नाही. ज्या कामगारांच्या मुलाखती गेल्या, त्यांतील दोघे आज हयात नाहीत. मित्रहो, तुमच्याजवळ कोणाचा आवाज जपलेला असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करा.