जव्हार, कॉव्हेन्ट्री आणि १९४८ : एका दुहेरी कॅमशाफ्टच्या इंजिनाचा वारसा

१/
१९४८ या एकाच वर्षात तीन घटना घडल्या. जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १ जून रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. आणि ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील मोटार प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने एक नवे इंजिन जगासमोर ठेवले. पहिल्या दोन घटना महाराष्ट्राच्या इतिहासात आढळतात, तिसरी मोटारींच्या इतिहासात. या धाग्यात त्या तिन्हींचा एकत्र विचार केला आहे.

२/
प्रथम जव्हार. कोकण आणि नाशिकचे पठार यांच्यामधल्या डोंगराळ, जंगली प्रदेशात मुकणे घराण्याचे हे महादेव कोळी राज्य चौदाव्या शतकापासून टिकून होते. इंग्रजी अमलात त्याला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. शेजारचा मोखाडा मात्र ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात होता. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी हे या दोन्ही मुलखांचे रहिवासी. राज्याचे उत्पन्न मुख्यतः जंगल आणि शेतसारा यांवर अवलंबून असे.

३/
शेवटचे राजे यशवंतराव मुकणे बालवयातच, १९२७ मध्ये गादीवर आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये सेवा केली. म्हणजे ज्या काळात जव्हारच्या बहुतेक पाड्यांना चाकाचे वाहन अपरिचित होते, त्याच काळात जव्हारचा राजा विमानदलाच्या गणवेशात होता. यंत्रयुग या मुलखात आले ते असे, वरून खाली आणि अत्यंत विषम रीतीने.

४/
त्याच युद्धकाळात इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री शहरावर जर्मन विमाने बाँब टाकत होती. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. कारखान्यांत रात्रपाळीने आग-पहारा ठेवावा लागे. विल्यम लायन्स यांच्या मोटार कारखान्यात या पहाऱ्याच्या रात्री विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे अभियंते एकत्र बसत. चर्चेचा विषय एकच असे : युद्ध संपल्यावर बनवायचे इंजिन.

५/
लायन्स यांच्या कंपनीचे नाव तेव्हा 'एसएस कार्स' असे होते. ती दिमाखदार गाड्या बनवी, परंतु त्यांच्या इंजिनांसाठी तिला दुसऱ्या कंपनीवर विसंबावे लागे. युद्धानंतर 'एसएस' ही अक्षरे नाझी संघटनेमुळे बदनाम झाली आणि १९४५ मध्ये कंपनीने 'जॅग्वार' हे नाव घेतले. नव्या नावाला स्वतःचे इंजिन हवे होते. लायन्स यांची अपेक्षा दुहेरी होती : मोठी कुटुंबगाडी ताशी १०० मैलांनी धावावी आणि इंजिन दिसायलाही देखणे असावे.

६/
येथे थोडे यंत्रशास्त्र. इंजिन श्वास घेते : हवा व इंधन आत येते, जळते आणि धूर बाहेर जातो. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दारे म्हणजे व्हॉल्व्ह. ती उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो, म्हणजे ठरावीक जागी उंचवटे असलेला एक फिरता दांडा. जुन्या इंजिनांत हा दांडा खाली, ब्लॉकमध्ये असे आणि लांब सळ्यांच्या, म्हणजे पुशरॉडच्या साहाय्याने वरची दारे उघडी.

७/
वेग वाढला की या सळ्यांचे वजन आड येते. दारे वेळेवर उघडत-मिटत नाहीत आणि इंजिनाला धाप लागते. उपाय असा की कॅमशाफ्ट थेट दारांच्या माथ्यावर न्यायचा. आत येणाऱ्या दारांसाठी एक आणि बाहेर जाणाऱ्यांसाठी दुसरा, असे दोन कॅमशाफ्ट ठेवले की दोन्ही दारे परस्परांपासून तिरकी बसवता येतात. त्यांच्यामध्ये अर्धगोलाकार ज्वलनकक्ष मिळतो आणि इंजिन मोकळा श्वास घेते. यालाच 'ट्विन-कॅम' म्हणतात.

८/
ही कल्पना जॅग्वारची नव्हे. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १९१२ मध्येच अशा इंजिनाने ग्रां प्री शर्यत जिंकली होती. परंतु पुढची ३५ वर्षे ट्विन-कॅम मुख्यतः शर्यतीच्या आणि मोजक्या अतिमहाग गाड्यांपुरते राहिले. ते बनवणे खर्चिक होते आणि सांभाळणे नाजूक. जॅग्वारचे धाडस असे की हे शर्यतीचे तंत्र तिने रोज वापरायच्या गाडीत, मोठ्या संख्येने उतरवायचे ठरवले.

९/
इंजिनाला नाव मिळाले 'एक्सके'. सहा सिलिंडर एका ओळीत, ३,४४२ घन सेंटिमीटर क्षमता, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचे हेड आणि १६० अश्वशक्ती. हेडमधील वायुमार्गांच्या रचनेत हॅरी वेस्लेक यांचा मोठा वाटा होता. ज्या 'एक्सके १२०' गाडीत ते प्रथम बसवले, तिच्या नावातील १२० म्हणजे ताशी १२० मैल. मे १९४९ मध्ये बेल्जियममधील याब्बेके येथे तशाच एका गाडीने १३२ मैलांचा वेग नोंदवला.

१०/
आता १ जून १९४८ च्या त्या बसकडे परत येऊ. ती बेडफर्ड बनावटीची होती, म्हणजे तीही ब्रिटिशच. त्या काळच्या बेडफर्ड ओ-मालिकेच्या वाहनांचे पेट्रोल इंजिनही सहा सिलिंडरचे आणि सुमारे साडेतीन लिटरचेच होते. देश तोच, सिलिंडर तितकेच, आकार जवळजवळ तोच. शक्ती मात्र सुमारे ७२ अश्वशक्ती, म्हणजे एक्सकेच्या निम्म्याहूनही कमी.

११/
हा फरक अज्ञानातून आलेला नव्हता, तो हेतूचा होता. बेडफर्डच्या इंजिनात पुशरॉड होते. ते सावकाश फिरे, परंतु कमी फेऱ्यांतच जोर देई. प्रवासी आणि त्यांची गाठोडी घेऊन खडीच्या रस्त्याने चढणाऱ्या बसला हाच गुण लागतो. शिवाय बिघाड झाल्यास साध्या हत्यारांनी दुरुस्ती शक्य असे. एक्सकेमध्ये मात्र व्हॉल्व्हची फट बसवायची तर कॅमशाफ्ट उतरवून पातळ चकत्या बदलाव्या लागत. ते काम कुशल हातांचे होते.

१२/
अशा गाडीचा हिंदुस्थानातील स्वाभाविक ग्राहक कोण? संस्थानिक. महागड्या ब्रिटिश मोटारींची येथील बाजारपेठ अनेक दशके प्रामुख्याने त्यांच्यावर उभी होती. आणि नेमक्या १९४८ मध्ये संस्थाने विलीन होत होती. यशवंतराव मुकणे पुढे निवडणूक लढवून लोकसभेचे सदस्य झाले. १९७१ मध्ये सर्वच संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. एक्सकेचा जन्म झाला तेव्हा त्याचा भारतीय ग्राहक इतिहासजमा होत होता.

१३/
दुसरे दार सरकारी धोरणाने मिटले. परकीय चलन तुटपुंजे होते. १९५३ मध्ये असे ठरले की ज्या कंपन्या भारतात खरोखर मोटारी बनवतील त्यांनीच येथे राहावे. केवळ सुटे भाग जोडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची फियाट आणि बंगालमध्ये हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसिडर राहिली. दोन्हींची इंजिने पुशरॉडची होती.

१४/
इकडे तीस-पस्तीस वर्षे देश पुशरॉडवर चालला. तिकडे एक्सकेने इतिहास घडवला. ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारने १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वेळा जिंकली. यांतील १९५५ च्या विजयावर मोठी छाया आहे. त्या वर्षी एक गाडी प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वेगाच्या इतिहासातून ही किंमत वगळता येत नाही.

१५/
१९५३ चा विजय आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला जुने ड्रम ब्रेक पुरेनात. सतत दाबल्याने ते तापून निकामी होत. म्हणून जॅग्वारने डनलॉपसह डिस्क ब्रेक विकसित केले आणि त्यांच्या जोरावर ती शर्यत जिंकली. आज घाट उतरणाऱ्या साध्या मोटारीच्या पुढच्या चाकांनाही डिस्क ब्रेक असतात. शर्यतीतील तंत्र सामान्य रस्त्यावर येते ते असे.

१६/
हेच इंजिन १९६१ च्या प्रसिद्ध ई-टाइपमध्ये आणि १९६८ च्या एक्सजे ६ मध्ये बसले. ब्रिटिश सैन्याच्या 'स्कॉर्पियन' या हलक्या रणगाड्यालाही त्याचेच ४.२ लिटरचे रूप देण्यात आले. शेवटी ते डेमलर डीएस ४२० या राजेशाही लिमोझिनमध्ये उरले आणि १९९२ मध्ये त्या गाडीबरोबर थांबले. आग-पहाऱ्याच्या रात्रींत आकारलेली रचना चार दशकांहून अधिक काळ उत्पादनात राहिली.

१७/
१९९२-९३ मध्येच जव्हार देशभरच्या वृत्तपत्रांत आले, तेही फार दुःखद कारणाने. तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरीही १९४८ पासूनचा हिशेब येथे मांडावा लागतो. संस्थान जाऊन लोकशाही आली, राज्य परिवहनाची बस जव्हारला पोहोचली. परंतु बसच्या रस्त्यापासून पाड्यापर्यंतचे शेवटचे काही मैल अनेक ठिकाणी तसेच राहिले होते.

१८/
दरम्यान ट्विन-कॅमचा अर्थच बदलत होता. १९७० नंतर इंधन महागले आणि धुरावर निर्बंध आले. तेव्हा अभियंत्यांच्या लक्षात आले की जी रचना वेगासाठी उत्तम, तीच काटकसरीसाठीही उत्तम आहे. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवणे सोपे होते. दोन्ही कॅमशाफ्ट वेगळे असल्याने दारांची वेळ गरजेनुसार बदलता येते. इंधन अधिक पूर्णपणे जळते आणि धूर कमी होतो.

१९/
भारतातही २००० पासून प्रदूषणाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले आणि पुशरॉडचे युग मावळले. मारुती स्विफ्टमध्ये २०२४ पर्यंत असलेले के-मालिकेचे इंजिन ट्विन-कॅम आहे. टाटा टियागोचेही तसेच. २०२२ च्या अखेरीपासून नव्या मारुती इकोमध्येही के-मालिकेचे इंजिन येते. ही इंजिने एक्सकेची वंशज नव्हेत, त्यांची कुळी जपानी किंवा देशी आहे. परंतु ट्विन-कॅम ही केवळ शर्यतीची चैन नव्हे, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध करणाऱ्यांत एक्सके अग्रभागी होते.

२०/
आणि इतिहासाने आणखी एक वळण घेतले. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर या कंपन्या सुमारे २.३ अब्ज डॉलरना विकत घेतल्या. एक्सकेच्या वारशाची मालकी कॉव्हेन्ट्रीहून मुंबईच्या बॉम्बे हाउसकडे आली. जी कंपनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवू लागली होती, ती आता ल मान्सच्या विजेत्यांची पालक झाली.

२१/
या पालकत्वाच्या काळात एक्सके एका अर्थाने पुन्हा जन्मले. १९५७ च्या कारखान्यातील आगीत नष्ट झालेल्या नऊ 'एक्सकेएसएस' गाड्यांच्या जागी तशाच नऊ गाड्या नव्याने बांधण्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. पुढे जुन्या मालकांसाठी ३.८ लिटरचा ब्लॉकही नव्याने ओतला जाऊ लागला. हा वारसा अर्थातच श्रीमंत संग्राहकांचा आहे. त्याचे दुसरे, मोठे वारस मात्र निराळेच आहेत.

२२/
जव्हारहून मोखाड्यामार्गे त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रवासी घेऊन चढणारी नवी इको हे त्याचे उदाहरण. १९४८ मध्ये जे तंत्र राजांनाही सहजी मिळाले नसते, ते आज तिच्या बॉनेटखाली निमूटपणे काम करते. तिच्यात बसलेल्या प्रवाशाला कॅमशाफ्ट किती आहेत हे ठाऊक नसते आणि त्याची आवश्यकताही नसते. तंत्रज्ञान खऱ्या अर्थाने सर्वांचे झाले की त्याचे नाव कोणी घेत नाही.

२३/
परंतु येथे थांबणे अप्रामाणिक ठरेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जव्हार-मोखाडा त्यात आले. त्यानंतर आठ वर्षांनी, २०२२ मध्येही, मोखाडा तालुक्यात रस्त्याअभावी रुग्णाला डोलीत घालून चालत न्यावे लागल्याच्या बातम्या राज्यभर वाचल्या गेल्या. डोली उचलणाऱ्या खांद्यांना इंजिनात कॅमशाफ्ट एक आहे की दोन, याने काय फरक पडणार?

२४/
इंजिनाचा इतिहास बहुधा अश्वशक्ती आणि शर्यतींच्या भाषेत लिहिला जातो. जव्हार-मोखाड्यातून पाहिले तर त्यात रस्त्याचे प्रकरणही असावे लागते. कॉव्हेन्ट्रीच्या आग-पहाऱ्यात आकारलेले तंत्र सामान्य माणसाच्या गाडीत यायला साठ-सत्तर वर्षे लागली, पण ते आले. १९४८ च्या तीन घटनांपैकी ट्विन-कॅमची गोष्ट पूर्ण झाली आहे. विलीनीकरणाची आणि त्या पहिल्या बसची गोष्ट मात्र शेवटच्या पाड्यापर्यंत रस्ता पोहोचेल तेव्हाच पूर्ण होईल.

(धागा समाप्त)