भूकंप घडवला कोणी?

नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर लावला, की उत्तर सीमेवर नर्मदा, तिच्या दक्षिणेस सातपुडा आणि मग तापी दिसते. हा सारा पट्टा जुन्या भ्रंशांचा आहे. १४ मार्च १९३८ रोजी याच सातपुड्यात, पूर्वेकडे, सुमारे ६.२ रिश्टरचा भूकंप झाला. पश्चिमेस अंकलेश्वरला १९६० साली तेल व वायू सापडले आणि मार्च १९७० मध्ये शेजारच्या भरूचला भूकंपाने माणसे दगावली. मग तो उपशामुळे झाला काय?

'आधी उपसा, नंतर भूकंप' एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. तेलविहिरी खोदण्यापूर्वीही हा पट्टा हादरत होता, हे १९३८ सालच सांगते.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनची गोष्ट वेगळी आहे. तेथे १९५९ मध्ये प्रचंड वायुसाठा सापडला व १९६३ पासून उपसा सुरू झाला. त्या भागात पूर्वी भूकंप ठाऊकच नव्हते. १९८६ साली असेनजवळ धक्का बसला. भूगोलतज्ज्ञ मेंट व्हान डर स्लाउस यांनी वायूच्या उपशाकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांची थट्टा झाली. १९९३ च्या तज्ज्ञ-अहवालाने मात्र हा संबंध मान्य केला. २०१२ साली ३.६ रिश्टरचा धक्का बसला. आकडा लहान, पण केंद्र जेमतेम तीन किलोमीटर खोल असल्याने घरांना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपसा थांबला. धक्के त्यानंतरही बसत राहिले.

असे का होते? वालुकाश्माच्या छिद्रांतील वायू वरच्या खडकांचा थोडा भार पेलत असतो. तो काढला की खडक दबतो. भ्रंशाच्या दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत. ताण वाढतो आणि भ्रंश सरकतो.

आपल्या कोयनेत याच्या उलट घडले. तेथे काही काढले नाही, पाणी साठवले. ते भेगांत झिरपले, छिद्रांतील दाब वाढला व भ्रंशाची पकड सैल झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर धक्के वाढतात, हे तेथे पुढे अनेक वर्षे दिसत राहिले. कोयनेत ताण मुळात भूगर्भातला. माणसाने फक्त खटका ओढला.

उकाई आणि सरदार सरोवर यांचे पाणी नंदुरबारला भिडलेले आहे. म्हणून येथे धक्का जाणवला, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावू. पूर्वी येथे धक्के बसत होते का? केंद्र जलाशयाच्या वा विहिरींच्या जवळ व उथळ आहे का? पाण्याची पातळी किंवा उपसा बदलला, की धक्क्यांची संख्या बदलते का? उत्तरे येईपर्यंत कोणाला दोषी ठरवू नये, आणि निर्दोषही. घरे मात्र भक्कमच बांधावीत.